काहूनबाबांचे पाय

काहूनबाबांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते छताकडे बघत होते. चार माणसांनी त्यांना बाजेसकट उचलून माझ्या दवाखान्यात आणलं होतं. बाज दारात अडकली होती, माणसं एकमेकांवर खेकसत होती आणि बाजेवरचा हा पटका बांधलेला, दाढी वाढलेला माणूस छतावरच्या पालीवर डोळे लावून निवांत पडला होता. बाज एकदाची आत आली. मी विचारलं, "काय होतंय, बाबा?" त्यांनी बोट वर केलं आणि म्हणाले, "बाई, ही पाल उलटी चालून राहिली. पडत काहून न्हाई?"

मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं, की पालीचं राहू द्या, तुमचं सांगा. मग त्यांनी सांगितलं की ते काही वर्षांपूर्वी झाडावरून पडले आहेत आणि तेव्हापासून कमरेखालचं अंग गेलं आहे. न पडणाऱ्या कुणाचंही त्यांना तेव्हापासून नवल वाटायचं.

हिंगोली तेव्हा नुकतीच जिल्ह्याचं ठिकाण झाली होती आणि मी नुकतीच फिजिओथेरपिस्ट. दोघींनाही अजून कुणी मनावर घेत नव्हतं. माझ्या पाटीवरचा शब्द लोकांना धड वाचता येत नसे, आणि वाचता आला तरी मी मालिश करणारी असेन असं त्यांना वाटे. मग माझ्या मशीनचं नाव झालं. लुळ्या पडलेल्या स्नायूला बाहेरून बारीक वीज देऊन हलवायचं ते मशीन होतं. दिसायला जुन्या रेडिओसारखं, पुढे दोन बटणं आणि मागून निघालेल्या वायरींना रबरी पट्ट्या. दवाखान्याचा ‘करंटचा दवाखाना’ झाला आणि मी करंटवाली बाई. स्थळं यायच्या वयात पोरीला असलं नाव पडलं म्हणून नांदेडला माझी आई हळहळायची.

‘काहूनबाबा’ हे नावही माझ्याच दवाखान्यात पडलं. बाहेर बाकावर गुडघे धरून बसणाऱ्या बायकांनी ते ठेवलं. वय बाबा म्हणण्याइतकं नव्हतं, चाळिशी ओलांडली असेल. पण दाढी होती, आणि प्रश्न विचारायची खोड लहान लेकरासारखी होती. वीज वायरीतून जाते तर वायर जाड काहून होत न्हाई. गुडघा पुढंच वाकतो, मागं काहून वाकत न्हाई. बाई, तुमी रुग्णाला ‘आता सोडा’ म्हणता, पन त्यानं काय धरलं ते आधी काहून सांगत न्हाई. मी चिडकी आहे आणि सकाळी दवाखान्यात गर्दी असताना तर फारच. पण बोलणं तोडलं तरी हा माणूस रागावत नसे. प्रश्न खिशात ठेवल्यासारखा ठेवून द्यायचा आणि दुपारी शांत झाल्यावर पुन्हा काढायचा.

त्यांचं गाव साखऱ्याच्या पलीकडे. घरी मेंढरं होती. उन्हाळ्यात रानात गवताची काडी उरत नाही, तेव्हा मेंढपाळ झाडावर चढून पाला पाडतात आणि मेंढरं खाली माना वर करून उभी राहतात. काहूनबाबा कडुलिंबावर चढले होते. फांदी मोडली आणि ते पाठीवर आपटले. त्यांची बायको गयाबाई ही गोष्ट सांगताना दरवेळी त्या फांदीला शिव्या द्यायची. "फांदी वाळलेली होती, मी सांगत होते, हे ऐकत न्हाईत." काहूनबाबा मात्र एवढंच म्हणायचे, "झाडानं सोडलं." आणि मग हसून पुढे, "म्या पडलो तं मेंढरं माझ्याकडं आलीच न्हाईत, फांदीकडं धावली. बराबर हाय. त्यांना भूक होती."

मी त्यांना त्यांच्या पाठीचं समजावून सांगितलं. मेंदूचा निरोप पाठीच्या कण्यातून खाली जातो, तो मोडलेल्या मणक्यापाशी अडतो. खालच्या नसा आणि स्नायू चांगले आहेत, पण त्यांना निरोपच मिळत नाही. ते डोळे मिटून ऐकत राहिले. "म्हंजे वरून लाईन तुटली, पन मोटार जळाली न्हाई," ते म्हणाले. मी कॉलेजात हे सगळं मोठमोठ्या चित्रांवरून शिकले होते. पुढे कितीतरी घरांत मी हे मोटारीवरूनच समजावून सांगितलं आणि लोकांना ते लगेच समजलं.

मांडीवर पट्ट्या बांधून पहिल्यांदा करंट दिला, तेव्हा त्यांचा काडीसारखा झालेला पाय गुडघ्यातून सरळ झाला आणि हवेत उभा राहिला. गयाबाईच्या हातातला तांब्या पडला. काहूनबाबा कोपरांवर रेटून वर झाले आणि पायाकडे बघत हसायला लागले. मी काही समजावून सांगायच्या आत गयाबाई दवाखान्याबाहेर गेली होती.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी जीपमधून त्यांचं निम्मं गाव उतरलं. येताना ते औंढ्याला नागनाथाला जाऊन आले होते. पेढे होते, अंगारा होता, नारळ होता. मला कुंकू लावून झाल्यावर त्यांनी माझ्या मशीनला हळदकुंकू वाहिलं आणि हार घातला. बटणाच्या फटीत हळद जाऊ नये म्हणून मी पदर आडवा धरून उभी होते. एवढ्या आनंदाने आलेल्या माणसांना कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुमचा माणूस बरा झालेला नाही?

ते काहूनबाबांनीच सांगितलं. "बाई, चालू करा," म्हणाले. मी बटण फिरवलं, पाय वर गेला, बायांनी हात जोडले. "आता बंद करा." पाय खाली पडला. मग ते सगळ्यांसमोर आपल्या पायाला म्हणाले, "ऊठ." पाय तसाच पडून राहिला. "बघा," ते गावाला म्हणाले, "म्या सांगून न्हाई उठत. डबा सांगतो तवा उठतो. पेढे वाटले ते बराबर केलं, पन डब्याचे वाटले." कुणी हसलं नाही. जीप परत गेली. गयाबाई माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलली, आणि मला तिचा राग आला नाही. मला तिच्यासाठी फार वाईट वाटत होतं.

दुसरा कुणी असता तर तिथेच उपचार सोडून गेला असता. काहूनबाबांनी हिंगोलीत बहिणीकडे मुक्काम ठोकला आणि हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवरून ते रोज येऊ लागले. "माझा पाय माझं ऐकत न्हाई अन् बाईचं ऐकतो. काहून, ते तं पाह्यलं पाह्यजे," असं ते बाकावरच्या बायकांना सांगत. पट्टी इंचभर सरकवली की पाऊल आतल्या बाजूला का वळतं, करंट हळूहळू वाढवला तर पाय सावकाश उठतो आणि एकदम दिला तर लाथ का मारतो, हे ते तासन्‌तास बघत. मी घोट्याला वाळूची पिशवी बांधून मांडीला व्यायाम देऊ लागले तशी मांडी भरत गेली. "पायाला बाळसं आलं," म्हणून त्यांनी ती बहिणीला दाखवली.

या उत्सुकतेने एकदा घात केला. मी शेजारच्या खोलीत दुसऱ्या रुग्णाकडे होते, आणि यांनी बटण किती फिरवलं की काय होतं ते बघायला हात लांबवला. पट्टीखालचं ओलं ठेवायचं फडकं वाळलेलं होतं, आणि वाळल्या फडक्यावरून करंट कातडी भाजतो. दुखलं असतं तर कुणीही हात मागे घेतला असता. यांना दुखतच नव्हतं. मी येईपर्यंत मांडीवर फोड आला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. ते मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "बाई, माझं अंग भाजलं अन् मला पत्ता न्हाई. मंग ह्ये अंग माझंच हाय हे मला कुनी सांगावं?" जखम भरेपर्यंत मशीन बंद ठेवलं. तरी ते रोज यायचे, नुसतेच बसायला.

आणि लाईट. तेव्हा भारनियमन असं होतं की लाईट जाते म्हणण्यापेक्षा मधूनमधून येते म्हणावं. गुडघ्यापर्यंत उठलेला पाय लाईट गेली की धाडकन खाली यायचा. "लाईट आली की माझे पाय येतात, लाईट गेली की जातात," काहूनबाबा म्हणायचे. त्यांच्या बहिणीच्या घरी कुणी पाहुणा आला आणि तब्येत विचारली, तर ते उत्तर देत, की बोर्डात चौकशी करा.

एके दुपारी, भारनियमनात आम्ही असेच बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले, "बाई, तुमी मला उभं करायचं म्हणता. पन उभं राहून म्या काय करनार, ते एकदा बी काहून इचारलं न्हाई?" मी खरंच विचारलं नव्हतं. माणसाला उभं राहायचं असतं, त्यात काय विचारायचं, असं मला वाटायचं. मी पंख्याने वारा घेणं थांबवून विचारलं, "काय करणार?" तेव्हा त्यांनी पाडव्याचं सांगितलं.

त्यांच्या घरात अशी रीत होती, की दिवाळीच्या पाडव्याला सकाळी घरचा कर्ता माणूस वाडग्याच्या तोंडाशी काठी घेऊन उभा राहतो. वाडगं म्हणजे काटेरी फांद्यांचं मेंढरांचं कुंपण. सगळी मेंढरं त्याच्या पायांना घासून बाहेर पडतात. जो उभा राहतो त्याचा शब्द वर्षभर चालतो. कुठे चारायची, कोणती ठेवायची, कोणती विकायची. वडिलांनंतर तिथे काहूनबाबा उभे राहत. पडल्यापासून ती जागा मोकळी होती. धाकटा भाऊ तुळशीराम मेंढरं राखत होता, पण पाडव्याला वाडग्याचं तोंड उघडून तो बाजूला व्हायचा. तिथे उभा राहत नसे.

तुळशीराम मधूनमधून दवाखान्यात यायचा. गरीब, अबोल माणूस. मेंढरं विकून टाकावीत असं त्याचं मत होतं, आणि ते त्याने मला काहूनबाबा आत असताना बाहेर सांगितलं. जिकडे तिकडे सोयाबीन झालं होतं, चराई उरली नव्हती, कुणाच्या शेताच्या धुऱ्यावर मेंढरू गेलं की भांडण. "पन दादा हाय तवर माझ्या तोंडून ते निघनार न्हाई," तो म्हणाला. गयाबाईला हे कळलेलं होतं. तिची खात्री होती, की नवरा पाडव्याला उभा राहिला की मेंढरं वाचली. मलाही तसंच वाटलं. एका माणसाचं कर्तेपण माझ्या दोन बटणांवर येऊन ठेपलं होतं, आणि खरं सांगते, मला त्याची भीती वाटत होती.

उभं राहणं सोपं नव्हतं. इतकी वर्षं आडवं पडलेलं अंग उभं केलं की रक्त पायात उतरतं. पहिल्या वेळी दोन लाकडी दांड्यांमध्ये त्यांना उभं केलं आणि ते डोळे फिरवून माझ्या अंगावर आले. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "दुनिया काळी काहून झाली?" मग रोज थोडं थोडं. पावलांना आधाराच्या पट्ट्या, दोन्ही मांड्यांना करंट, हातांनी दांड्या घट्ट. मशीनने हलवलेला स्नायू आपल्या मर्जीने हलवलेल्यापेक्षा फार लवकर थकतो. मांड्या आधी थरथरतात आणि मग गुडघे एकदम सुटतात. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, की चालणं होणार नाही, उभं राहणं होईल आणि तेही थोडाच वेळ. "थोडाच लागतो," ते म्हणाले.

औरंगाबादहून मी बॅटरीवर चालणारं छोटं मशीन मागवलं, कारण पाडव्याच्या सकाळी बोर्डाचा काही भरवसा नव्हता. ते चालवायला मी गयाबाईला शिकवलं. आधी ती बटणाला हात लावेना. पेढ्यांच्या दिवसाची आठवण तिच्या मनातून गेली नव्हती. पण एकदा तिने बटण फिरवलं, नवऱ्याचा पाय उठला, आणि काहूनबाबा म्हणाले, "इतके दिवस तुझं ऐकत नव्हतो, आता पाय तं ऐकतो." ती तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर मशीन तिच्याच ताब्यात राहिलं.

पाडव्याला मी त्यांच्या गावी गेले. मेंढरांना गेरूचे ठिपके लावले होते. तुळशीरामने वाडग्याच्या तोंडाशी चार मेढी रोवून दोन आडवे बांबू बांधले होते, अगदी माझ्या दवाखान्यातल्यासारखे. त्याने आणि मी काहूनबाबांना खांद्यांत धरलं, गयाबाईने बटण हळूहळू फिरवलं, आणि ते उभे राहिले. नवा पटका, खांद्यावर घोंगडी, धोतराखालून निघालेल्या वायरी. भोवती गाव जमलं होतं. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "ह्यो उभा हाय का मशीन उभी हाय?" प्रश्न खोडसाळ होता, पण खोटा नव्हता. मी त्याच प्रश्नाने रात्रभर झोपले नव्हते.

काहूनबाबांना तो प्रश्न आवडला. त्यांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "तू कशाच्या जोरावर उभा हायेस? सकाळी भाकर खाल्ली, तिच्याच ना? मला भाकर बी लागते अन् डबा बी लागतो. तकलीफ थोडी जास्त हाय, एवढंच." मग त्यांनी तुळशीरामला काटे बाजूला करायला सांगितलं.

त्यांनी जिभेने टाळूवर आवाज काढला. पुढचा एडका थबकला, वायरींचा वास घेतला आणि त्यांच्या गुडघ्याला अंग घासून बाहेर पडला. मागून सगळी मेंढरं लोटली. काहूनबाबा खाली बघत होते. मेंढरांची अंगं त्यांच्या पायांना लागत होती, आणि ते लागलेलं त्यांना कळत नव्हतं. ते डोळ्यांनी बघून घेत होते. वाडगं अजून निम्मंही रिकामं झालं नव्हतं, तोच त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. मी गयाबाईकडे पाहिलं, तिने बटण थोडं वाढवलं. थरथर थांबली आणि परत सुरू झाली. मी कुजबुजले, "बाबा, आता बसा."

"तुळशा," त्यांनी हाक मारली, "इकडं ये. माझ्या जागेवर ये." तुळशीराम जवळ आला. काहूनबाबांनी एका हाताने बांबू धरला आणि दुसऱ्या हाताने काठी त्याच्यापुढे केली. तुळशीराम मागे सरकला. तो म्हणाला, "दादा, म्या मागितली न्हाई." ते म्हणाले, "मागितली न्हाईस म्हनून तं उभं राहावं लागलं. म्या बाजेवर पडून दिली असती तं गाव म्हनलं असतं, लुळ्याच्या हातची काढून घेतली. आता उभ्यानं देऊन राहिलो, घे." तुळशीरामने काठी घेतली. आम्ही दोघींनी काहूनबाबांना बाजेवर टेकवलं. उरलेली मेंढरं तुळशीरामच्या पायांना घासून गेली, आणि तो लहान पोरासारखा रडत होता.

म्हणजे हा माणूस एवढे दिवस, त्या फोडासकट, त्या काळ्या पडलेल्या दुनियेसकट, हातातलं सोडण्यासाठी उभं राहायला शिकत होता, आणि ते ना मला कळलं, ना त्याच्या बायकोला. गयाबाईने मशीनच्या वायरी गुंडाळल्या. ती मला एवढंच म्हणाली, "आमाला बी न्हाई सांगितलं." पण तिच्या आवाजात राग नव्हता.

पुढच्या वर्षी तुळशीरामने निम्मी मेंढरं विकली. विकून आल्यावर त्याने घरी सांगितलं. काहूनबाबा बाजेवर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चहा मागितला. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ‘काहून’ विचारणाऱ्या या माणसाने तेवढ्या एका गोष्टीला ते विचारलं नाही.

छोटं मशीन मी त्यांच्याकडेच राहू दिलं होतं. गयाबाई रोज सकाळी त्यांना बांबूंच्या मध्ये उभं करायची. मधूनमधून ते दवाखान्यात यायचे, नवे प्रश्न घेऊन. काही वर्षं अशी गेली. मग एका पावसाळ्यात त्यांना लघवीच्या त्रासाने ताप भरला. कमरेखाली दुखत नसलेल्या माणसाचं आजारपण उशिरा कळतं. तुळशीराम त्यांना नांदेडला घेऊन गेला, पण तोवर फार उशीर झाला होता. मला कळलं तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. मी दवाखाना बंद करून घरी गेले आणि खूप रडले. कितीतरी रुग्ण येतात, जातात. एवढं रडायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

आजही नवा रुग्ण आला की कुठे दुखतं हे मी नंतर विचारते. आधी विचारते, बरं झाल्यावर काय करायचं आहे? लोक चक्रावतात. कुणी म्हणतं चूल पेटवायची, कुणी म्हणतं लेकराला कडेवर घ्यायचं. मग उपचार कुठून सुरू करायचे ते आपोआप कळतं.

काहूनबाबांचं तेरावं झाल्यावर तुळशीराम मशीन परत करायला आला होता. घोंगडीत गुंडाळून आणलं होतं. ते टेबलावर ठेवून तो जाईना. मग म्हणाला, "बाई, एकदा मला लावा. दादाला काय व्हायचं ते पाहू द्या."

मी त्याला काहूनबाबांच्याच जागेवर बसवलं, पट्ट्या ओल्या करून मांडीवर बांधल्या आणि बटण अगदी थोडं फिरवलं. मुंग्या डसल्यासारखं झालं असणार. त्याने दात आवळले. पाय त्याला न विचारता उठला. तो पायाकडे बघत राहिला.

"चावतं," तो म्हणाला. "दादाला ह्ये लागायचं का?"

"नाही. त्यांना काहीच कळायचं नाही."

"मंग त्यो हसायचा काहून?"

मी त्याला म्हटलं, पाय उठलेला दिसायचा म्हणून. मी बटण बंद केलं, पाय खाली आला. पट्टी सोडायला मी हात पुढे केला तेव्हा त्याने माझा हात अडवला.

"अजून एकदा," तो म्हणाला. मी बटण फिरवलं, आणि या वेळी पाय उठताना तुळशीराम हसला.